करंडक आमचा, मुलगा कुणाचा?

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत आले. गृहस्थ मूळचे नगर जिल्ह्यातले. पिरंगुटच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षे पाळ्या करून त्यांनी घर उभे केले आणि दोन्ही मुलांना शिकविले. बरोबरचा मुलगा थोरला; पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला, उंची सहा फूट तीन इंच, विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून खेळून आलेला. बापाच्या हातात प्लॅस्टिकची एक फाईल होती आणि ती त्यांनी छातीशी अशी धरली होती, जणू तिच्यात घराचा सातबाराच आहे. पुढे कळले, की तो खरोखरच तिच्यात होता.

“फादर, तुमचं एक शिफारसपत्र हवंय,” ते म्हणाले, “आणि गावाकडची जमीन काढावी म्हणतोय, तेवढं तुमच्या कानावर घालायचं होतं.”

फाईलमध्ये एका मध्यस्थाने दिलेले गुळगुळीत छपाईचे पत्रक होते. एक वर्ष अमेरिकेतील पूर्वतयारीच्या शाळेत, मग तेथील महाविद्यालयात शिष्यवृत्ती, मग व्यावसायिक संघ, अशी तीन पायऱ्यांची शिडी त्यावर रंगविलेली होती. पहिल्या पायरीचे पैसे आगाऊ भरावयाचे होते. उरलेल्या दोन पायऱ्यांविषयी पत्रकात छायाचित्रे पुष्कळ होती, जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

मी पत्रावर सही केली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या मुलाच्या डोळ्यांतील स्वप्नाला खतपाणी घालणाऱ्यांत मीही एक होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या सणाच्या दिवशी, मिस्सा आटोपल्यावर, याच मुलाच्या खांद्यावर मी शाल घातली होती, हातात नारळ दिला होता आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितले होते, की हा आपल्या धर्मग्रामाचा उद्याचा तारा आहे. टाळ्या पडल्या, छायाचित्र निघाले, आम्ही जेवावयास गेलो. तारा उगवण्यासाठी आकाश लागते, ते कोठे आहे, हे त्या दिवशी ना मी विचारले, ना टाळ्या वाजविणाऱ्यांनी.

वाचकहो, आज मला त्याच आकाशाविषयी लिहावयाचे आहे, आणि थोडे कठोरपणे लिहावयाचे आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींचा आपण उपयोग करून घेतो, त्यांच्या घामावर करंडक मिळवितो, आणि वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ती मुले “आता पुढे काय?” असे विचारू लागली, की आपण त्यांच्या हातात एक प्रमाणपत्र ठेवून दरवाजा लोटून घेतो. मध्यस्थ येतो तो आपण लोटलेल्या त्या दरवाजाबाहेर. त्याला दोष देण्यापूर्वी आपण आपल्या कडीकोयंड्याकडे पाहिले पाहिजे.

प्रथम आपल्या मुळशीकडेच पाहू. हा तालुका मल्लांचा. येथल्या गावात तालीम असते, तालमीत वस्ताद असतो आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांतून कुस्तीचे फड लागतात. नारळापासून रोख इनामापर्यंत कुस्त्या जुळतात. एखाद्या मल्लाचे नाव महाराष्ट्रात झाले नाही, तरी जत्रेच्या इनामावर त्याच्या खुराकाचा काही भाग निघतो आणि गावात पैलवान म्हणून त्याला मान राहतो. ही व्यवस्था कोणा सरकारने निर्माण केली नाही. गावाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मल्लाचे ओझे वाटून घेतले, म्हणून ती उभी आहे.

कबड्डीचेही तसेच. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीत खेळणाऱ्या पोरांचे लिलाव होऊ लागले. काहींच्या बोली कोटीच्या पुढे गेल्या. याच मुळशीच्या सीमेवरील म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत पुणेरी पलटणचे सामने झाले आणि २०२४ साली त्या संघाने विजेतेपदही मिळविले. लीग टिकली, कारण तिच्याखाली गावोगावच्या मंडळांचा आणि प्रेक्षकांचा भक्कम पाया आधीपासूनच होता.

बास्केटबॉलला यांतले काय आहे? जत्रेतला फड नाही, मंडळ नाही, लिलाव नाही. आहे ती शाळेच्या आवारातली सिमेंटची फरशी, दोन खांब आणि दोन रिंगा. आणि ही फरशी महाराष्ट्रात ज्या ठिकाणी हटकून सापडते, त्यांत आपल्या मिशनरी शाळांचा क्रमांक वरचा आहे. म्हणून हा प्रश्न इतरांहून अधिक आपला आहे.

या खेळाचा जन्मच मुळी अशा आवारात झाला. १८९१ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ या तिशीतील शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावले. नाइस्मिथ कॅनडाचा, लहानपणीच आईवडिलांना पारखा झालेला, माँट्रियल येथे ईशज्ञानाचा अभ्यास पूर्ण करून आलेला. पुढे तो वैद्यकही शिकला आणि कॅन्सस विद्यापीठात त्याने दीर्घकाळ अध्यापन केले. गंमत अशी, की त्या विद्यापीठाच्या संघाचा मार्गदर्शक म्हणून त्याच्या खात्यावर विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत. आपल्या खेळातून त्याने संपत्ती जोडली नाही. तरुणांच्या अंगातील रग हिवाळ्यात बंद खोलीत कशी जिरवावी आणि धसमुसळेपणा न करता त्यांनी एकमेकांशी कसे खेळावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. खेळ माणसासाठी जन्मला. माणूस खेळासाठी नव्हे.

वाय.एम.सी.ए.च्याच मार्गाने तो भारतात आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी असे खेळ देशभर नेले. १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली महासंघ स्थापन झाला. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ साली ‘नेबरहुड हाउस’ उभारले. त्या दाट वस्तीच्या परिसरात बास्केटबॉल असा रुजला, की गल्लीत वाढलेला अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. नागपाड्याची पुण्याई लक्षात घ्या. तेथे मैदान वस्तीचे होते. थोरले खेळाडू धाकट्यांना शिकवीत. खेळणे संपले तरी माणूस मैदानाचाच राहत असे.

आता आपल्या मुलापुढची वाट पाहू. महाविद्यालयातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तेथून विभागाचा संघ, मग विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि नशिबाने साथ दिली तर अखिल भारतीय. येथवरचा रस्ता कष्टाचा आहे, पण आखलेला आहे. त्यापुढे भारतात ‘व्यावसायिक बास्केटबॉलपटू’ या शब्दाचा अर्थ आजवर बहुतांशी एकच राहिला आहे : खेळाडूंच्या राखीव जागेवर मिळालेली नोकरी. रेल्वे, सेनादले, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, केरळचे वीजमंडळ, राज्यांचे पोलीस, हेच आपले ‘क्लब’. त्यांच्या जागा मोजक्या, चाचण्या कडक. रेल्वेच्या खेळाडू भरतीला वयाची अट १८ ते २५ वर्षे. म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाजवळ उण्यापुऱ्या तीन-चार चाचण्यांचा अवकाश उरतो. सव्विसावे वर्ष लागले, की ते दार बंद. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण २००५ पासून आहे. पण त्यासाठीही स्पर्धापरीक्षेची पायरी चढावी लागते आणि ती चढण्यासाठी पुस्तक उघडावे लागते.

या वाटेने गेलेल्यांची उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहेत. केरळच्या कोट्टायमजवळची गीतू अ‍ॅना जोस हिने चंगनाशेरीच्या असम्प्शन महाविद्यालयात, म्हणजे आपल्याच परंपरेतील एका संस्थेत, शिक्षण घेतले. दक्षिण रेल्वेने तिला नोकरी दिली. २००६ ते २००८ या काळात ती ऑस्ट्रेलियात रिंगवुडच्या संघातून खेळली. २०११ साली अमेरिकेतील महिला व्यावसायिक लीगच्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. करार मात्र झाला नाही. २०१४ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. भारतातील सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक अशी ही मुलगी. आणि अमेरिकेच्या दारातून परतल्यावर तिच्या पायाखाली जमीन होती, कारण रेल्वेची नोकरी आणि शिक्षण तिच्यापाशी होते. तिने शिडी चढताना मागचा खांब सोडला नव्हता.

आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. २०२१ साली अम्मान येथील आशिया चषकात ती संघाच्या अग्रभागी होती. संघ शेवटच्या स्थानी राहिला. त्याबद्दल मुलींना बोल लावणे सोपे आहे. पण देशात मुलींसाठी वर्षभर चालणारी लीग नाही, जपान-कोरियाच्या मुली मात्र हंगामामागून हंगाम व्यावसायिक सामने खेळतात. मग फरक पडावयाचा तो पडणारच. पुण्याच्या मुलीने कर्णधारपद मिळविले, याचे पुण्यातल्या किती ख्रिस्ती घरांत कौतुक झाले? कित्येक घरांत दहावीच्या वर्षी मुलीचे बूट माळ्यावर जातात आणि पुन्हा खाली येत नाहीत, हे मी गृहभेटींत पाहत आलो आहे.

आता फाईलमधल्या शिडीकडे वळू. तेथे भावनेपेक्षा अंकगणित कामाचे आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च श्रेणीत ३५० हून अधिक महाविद्यालयांचे पुरुष संघ आहेत. प्रत्येकी तेरा-चौदा खेळाडू धरले, तरी संख्या साडेचार हजारांच्या पुढे जाते. एनबीएच्या वार्षिक निवडीत दोन फेऱ्या मिळून फार तर ६० नावे पुकारली जातात आणि त्यांतही युरोप-आफ्रिकेतून आलेले खेळाडू असतात. एकूण संघ ३०, प्रत्येकी १५ जागा. म्हणजे साऱ्या जगातून साडेचारशे माणसांची, आणि त्यांत तात्पुरत्या करारावरची काही थोडी भर. पुण्याच्या एखाद्या मोठ्या शाळेतील दहावीच्या तुकड्यांत याहून अधिक मुले बसत असतील.

दुसरी गोष्ट पत्रकात लिहिलेली नव्हती. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटना खेळाडूची पात्रता ठरविताना नववीपासूनचे विषय आणि गुण तपासते. शिवाय वर्षानुवर्षे असा नियम राहिला आहे, की विद्यार्थ्याने कोणत्याही महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेतला, मग ते परदेशातले का असेना, त्या दिवसापासून पाच वर्षांचे घड्याळ चालू होते. आमच्या मुलाची येथील तीन वर्षे संपत आली होती. पूर्वतयारीचे चौथे वर्ष पैसे भरून घालविल्यावर त्याच्या घड्याळात उरणार होते ते काय? २०२१ पासून तेथील महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिरातीतून आणि २०२५ पासून महाविद्यालयांकडूनही पैसे मिळू लागले आहेत, हे खरे; पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी मुलाच्या वाटेत व्हिसाच्या अटी आडव्या येतात. हे सारे त्या पित्याला कोणी सांगावयाचे? मध्यस्थ सांगणार नाही. मग शाल घालणाऱ्याने सांगावयास नको?

“पण सतनामसिंग गेला ना!” मुलगा मला म्हणाला. गेला, आणि त्याचा प्रवास पूर्ण वाचण्याजोगा आहे. पंजाबातील बल्लो के या खेड्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा, उंची सात फुटांच्या वर. लुधियानाच्या अकादमीत तो घडला. २०१० साली फ्लॉरिडाच्या आयएमजी अकादमीने शिष्यवृत्तीवर निवडलेल्या आठ भारतीय मुलामुलींपैकी तो एक होता. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. देशभर जल्लोष झाला. परंतु एनबीएच्या मुख्य हंगामातील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो खालच्या लीगमध्ये खेळला, कॅनडात खेळला. २०२० साली उत्तेजक द्रव्य चाचणीच्या प्रकरणी त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. २०२१ साली तो अमेरिकेतील मनोरंजनाच्या कुस्तीत उतरला. मी त्याची निंदा करीत नाही. खेड्यातून एवढे अंतर चालून जाणाऱ्याची निंदा कोणत्या तोंडाने करावी? पण ज्याला देशातील उत्तम अकादमी, पूर्ण शिष्यवृत्ती आणि निसर्गाने दिलेली असामान्य उंची या तिन्ही गोष्टी लाभल्या, त्याची वाट एवढी काटेरी असेल, तर सहा फूट तीन इंचांच्या मुलाने बापाची जमीन विकून काय विकत घ्यावयाचे?

त्यानंतरचा प्रिन्सपालसिंग. एनबीएने २०१७ साली ग्रेटर नोएडाला काढलेल्या अकादमीतून तो पुढे आला आणि २०२० साली अमेरिकेतील ‘इग्नाइट’ या संघात गेला. महाविद्यालयाची पायरी वगळून थेट व्यवसायाकडे नेण्यासाठी काढलेला तो संघ होता. २०२४ साली तो संघच बंद करण्यात आला. ज्यांनी घर बांधले त्यांनीच ते मोडले. भाडेकरूंनी कोठे जावे, हा प्रश्न बांधणाऱ्यांचा नसतो.

मग आपल्या देशातच व्यावसायिक लीग का नको? हवी, पण तिचाही इतिहास ऐका. २०१५ साली महासंघात अशी फूट पडली, की एकाच महासंघाच्या दोन निवडणुका झाल्या, एक बंगळूरला आणि दुसरी आपल्या पुण्यात, आणि दोन अध्यक्ष निवडून आले! आंतरराष्ट्रीय संघटनेने बंगळूरच्या गटाला मान्यता दिली तेव्हा पेच सुटला. त्याच वर्षी यूबीए नावाची खासगी लीग निघाली. तीत ‘पुणे पेशवे’ नावाचा संघही होता. चार हंगाम झाले आणि २०१७ नंतर ती थांबली. ती पुरुषांपुरतीच होती. २०२२ साली महासंघाच्या आश्रयाने इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली, याचे मी स्वागत करतो. परंतु ज्या मुलाने यूबीएच्या भरवशावर नोकरीची चाचणी दिली नाही आणि लीग थांबल्यावर ज्याचे पंचविसावे वर्ष उलटून गेले, त्याचे नुकसान कोणत्याही नव्या लीगने भरून निघत नाही. ऑलिंपिकमध्ये आपला पुरुष संघ आजवर एकदाच गेला, १९८० साली मॉस्कोला, तोही अनेक देशांनी बहिष्कार घातला होता त्या वर्षी. पायाच नसेल, तर कळस कशावर बसवावा?

येथवर इतरांचे झाले. आता आपले. आपल्या संस्थांच्या दर्शनी दालनातील काचेची कपाटे पाहा. करंडक ओळीने मांडलेले असतात, त्यांवर वर्षे कोरलेली असतात. त्या करंडकांखाली नावे असणारी मुले आज कोठे आहेत, अशी नोंदवही मी कोठेही पाहिलेली नाही. माजी विद्यार्थी म्हणून आपण डॉक्टरला बोलावितो, अभियंत्याला बोलावितो; ज्याने चार वर्षे आपल्याला करंडक आणून दिले आणि जो आज कोणाच्या तरी फाटकावर पहारा करतो, त्याला बोलावीत नाही. सामन्यासाठी त्याने बुडविलेले तास भरून काढण्याची कोणी व्यवस्था केली नाही; ७५ टक्के उपस्थितीचा नियम मात्र त्याला दाखविला गेला. दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुणांचा आधार मिळतो, त्यानंतर आधार सुटतो. आणि सुटी लागली की मैदानाच्या फाटकाला कुलूप! दुपारी चारनंतर ज्या फरशीवर वस्तीतील पन्नास मुले खेळू शकली असती, तेथे वाळलेली पाने खेळतात.

यावर तीन आक्षेप घेतले जातील, ते मी आधीच ऐकलेले आहेत.

पहिला : “फादर, तुम्ही मुलांची स्वप्ने मोडता.” स्वप्न आणि लॉटरीचे तिकीट यांत अंतर आहे. स्वप्नासाठी माणूस रोज पहाटे उठतो; तिकिटासाठी जमीन विकतो. पहाटे उठणाऱ्या मुलाच्या पाठीशी मी उभा आहे. सातबारा घेऊन येणाऱ्या बापाला मी थांबविणार.

दुसरा आक्षेप दुसऱ्या टोकाचा : “खेळाने कोणाचे पोट भरले आहे? दहावी आली की चेंडू बंद.” असे म्हणणाऱ्या पालकांना मी विनम्रपणे सांगतो, की तुमचा हा हिशेबही चुकीचा आहे. नोकरीच्या राखीव जागा, शासनाचे आरक्षण, परदेशातील शिष्यवृत्ती, या साऱ्यांसाठी खेळ आणि गुणपत्रिका दोन्ही एकत्र लागतात. एकाने अभ्यास सोडविला, दुसऱ्याने खेळ सोडविला. दोघांनीही मुलाचा एकेक पाय कापला. शिवाय पोट भरणे हे खेळाचे एकमेव प्रयोजन नाही. संत जॉन बॉस्को यांनी तुरीनमध्ये रस्त्यावरची पोरे जमविली, तेव्हा मैदान हे त्यांच्या कार्याचे अंगण होते. तेथून कोणी विश्वविजेता व्हावा म्हणून नव्हे, तर कोणी तुरुंगात जाऊ नये म्हणून. जमिनीच्या पैशाने बहकलेल्या तरुणांच्या कहाण्या मुळशीकराला सांगावयास नकोत. संध्याकाळचे दोन तास ज्या मुलाचे मैदानावर जातात, त्याला बहकण्यास तेवढा वेळ कमी मिळतो.

तिसरा आक्षेप आमच्याच मंडळींचा : “आपण शाळा चालवितो, रोजगार केंद्र नव्हे.” मान्य. पण मग करंडकही ठेवू नका. पीक घ्यावयाचे आणि शेतकऱ्याशी संबंध नाही म्हणावयाचे, हे कोणत्या न्यायात बसते? २०१८ साली व्हॅटिकनने खेळाविषयी स्वतंत्र पत्रक काढले. त्यात शरीराची हेळसांड, उत्तेजक द्रव्ये आणि भ्रष्टाचार यांविषयी स्पष्ट इशारा आहे. मुलाला साधन म्हणून वापरणे हा याच कुळातला दोष आहे, मग तो वापर आपण किती का भक्तिभावाने करीत असू.

करता येण्याजोगे काय आहे? माझ्या मते पाच गोष्टी, आणि त्यांपैकी एकीलाही परदेशी मदत लागत नाही. पहिली : शाळेचे मैदान संध्याकाळी आणि सुटीत वस्तीसाठी उघडावे, धर्माची चौकशी न करता. दुसरी : खेळाडू विद्यार्थ्यासाठी बुडालेल्या तासांची शिकवणी हा संस्थेचा नियम असावा, उपकार नव्हे; धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक हे काम आनंदाने करतील. तिसरी : अकरावीत आल्यावरच मुलाला व त्याच्या आईवडिलांना एकत्र बसवून चाचण्यांची वये, जागा, अटी आणि अपयशाची शक्यता हे सारे कागदावर लिहून द्यावे. चौथी : ज्यांचे खेळणे संपले त्यांना पंच, क्रीडाशिक्षक आणि मार्गदर्शक होण्याचे शिक्षण घेण्यास मदत करावी, सणाच्या मंडपाच्या खर्चातील थोडा भाग त्यासाठी वळविला, तर कोणताही संत रागावणार नाही. आणि पाचवी : मुलींसाठी हे सारे तितकेच असावे, त्यांच्यासाठी अंधार पडण्यापूर्वीची वेळ राखून ठेवावी, आणि तेथे एक जबाबदार स्त्री हजर असावी, म्हणजे बूट माळ्यावर जाणार नाहीत.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून फाईल पुन्हा वाचली. मी घड्याळाचा नियम समजावून सांगितला. मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “फादर, हे मला दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?” त्याच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. बाप मध्येच म्हणाला, “असं बोलू नये रे फादरांना.” पण मुलाचे बरोबर होते.

जमीन अद्याप विकलेली नाही. मुलाने पदवीची परीक्षा दिली. रेल्वेच्या एका चाचणीत त्याची निवड झाली नाही. दुसरीची तो तयारी करीत आहे. पहाटे साडेपाचला चेंडू आपटण्याचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो. संध्याकाळी तो आमच्या आवारात लहान मुलांना शिकवितो. त्याचे मानधन आमची समिती देते, तेही मी दोन बैठकांत भांडून मंजूर करून घेतलेले. पंचविसावे वर्ष गाठण्यास त्याला अजून अवधी आहे, पण फार नाही.

येत्या सणाला पुन्हा एखाद्या खेळाडूचा सत्कार होईल. शाल तयार असेल, नारळही असेल. माझी धर्मग्रामातील कुटुंबांना एवढीच विनंती आहे, की टाळी वाजविण्यापूर्वी प्रत्येकाने त्या मुलाला वा मुलीला विचारावे : बाळा, तुझा अभ्यास कोण घेतो? चाचणीला जाण्याचे भाडे कोण देतो? आणि निवड झाली नाही, तर तू संध्याकाळी कोणाच्या घरी जेवायला येशील? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्यांच्यापाशी असतील, त्यांनीच करंडकाला हात लावावा.